हिरवळ पेशव्यांची नव्हे: सारसबागेच्या मेसेजला उत्तर

पुणेकरांच्या व्हॉट्सअप गटांवर सारसबागेबद्दलचा एक मजकूर अधूनमधून उगवतो. शब्द थोडेफार बदलतात, सोबतचा फोटो बदलतो, सांगणं तेच राहतं. ते असं: पेशवे येण्याआधी पुणं म्हणजे मुठेकाठचं ओसाड खेडं होतं. नानासाहेब पेशव्यांनी अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी पर्वतीच्या पायथ्याशी रयतेसाठी सारसबाग उभारली आणि तिथे गणपती बसवला; ही भारतातली पहिली सार्वजनिक बाग. तिथल्या तळ्याचं पाणी अख्खं शहर पीत असे. तळ्यात नावेत बसून पेशवे गुप्त खलबतं करत आणि नावाडी मुद्दाम हबशी ठेवत, म्हणजे मराठी बोलणं त्यांना कळायला नको. पुढे इंग्रजांनी आकसापोटी तळं बुजवलं, आणि तळं गेलं म्हणूनच आज आंबिल ओढा लोकांच्या घरात शिरतो. शेवटी, या गणपतीला थंडीत स्वेटर घालतात ही माहिती आणि ‘प्रत्येक पुणेकरापर्यंत पोचवा’ ही आज्ञा.

या मजकुरात निव्वळ थापा फार नाहीत, अडचण तिथेच आहे. तळं होतं, बेट होतं, नानासाहेबांचा संबंधही खरा. पण दोन-अडीच शतकांत वेगवेगळ्या माणसांनी केलेली कामं एकाच्या खात्यावर टाकली आहेत. यात सगळ्यात जास्त नुकसान पेशव्यांचंच झालंय, असं माझं मत आहे. त्यांनी ओढा वळवला, तळं बांधलं, डोंगरातून शहरापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. मजकूर त्यांना श्रेय देतो ते हिरवळीचं, जी त्यांनी कधी पाहिलीसुद्धा नाही. आणि ही जागा ज्यांनी खरोखर सगळ्यांची केली, त्यांचं त्यात नावही नाही.

ओसाड खेड्यापासूनच सुरुवात करू, कारण तो भाग लवकर आटोपतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’ आणि ‘पूनक विषय’ असे उल्लेख आहेत. विषय म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग. ज्या गावाच्या नावाने विभाग ओळखला जातो, ते गाव अगदीच चार झोपड्यांचं नसणार. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणंही आठव्या शतकातलं. म्हणजे शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, १० जानेवारी १७३० रोजी, तेव्हा पुण्याच्या नावाला जवळपास हजार वर्षं होत आली होती.

‘ओसाड’ मात्र हवेतून आलेलं नाही. १६३० च्या आसपास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणं उद्ध्वस्त केलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पण त्या ओसाडीतून गाव पुन्हा वसवलं ते शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळात. जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे आले, कसब्यात लाल महाल उभा राहिला, उजाड शेतं पुन्हा लागवडीखाली आली. शायिस्तेखान पुढे त्याच लाल महालात तळ देऊन बसला आणि एप्रिल १६६३ मध्ये एका रात्री बोटं गमावून पळाला, हे तर शाळेतली मुलंही सांगतील. औरंगजेब दख्खनेत असताना पुण्याचं ‘मुहियाबाद’ करूनही झालं. ते नाव टिकलं नाही. हे सगळं पेशवाईच्या आधीचं. पेशव्यांनी पुण्याला राजधानीचं रूप दिलं, पेठा वाढवल्या, याबद्दल वाद नाही. पण गाढवाचा नांगर फिरलेल्या गावात पुन्हा माणसं आणण्याचं काम जिजाबाईंच्या पदरातून काढून पेशव्यांच्या पदरात घालायची काहीच गरज नव्हती. त्यांच्याकडे स्वतःचं पुरेसं आहे.

आता मुख्य विधान: नानासाहेबांनी सारसबाग उभारली.

पर्वतीवरच्या देवदेवेश्वराची स्थापना १७४९ ची. टेकडीवर देऊळ झाल्यावर पायथ्याचं रूप पालटायचं नानासाहेबांच्या मनात आलं. पायथ्याजवळून कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा वाहत होता. हा ओढा तेव्हा पुढे शहराच्या अंगावरून जाऊन शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळत असे. वाढत्या शहराच्या मधून पावसाळी ओढा जाणं म्हणजे काय, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. नानासाहेबांच्या काळात ओढ्याला बांध घातला, पाणी अडवून तळं केलं आणि ओढ्याचं तोंड पश्चिमेकडे वळवून तो शहराच्या बाहेरून मुठेत सोडला. आज दांडेकर पुलाखालून दत्तवाडीकडे जाणारा ओढा दिसतो, ते त्याचं वळवलेलं पात्र. ओढा बाजूला झाल्यामुळे पश्चिमेकडच्या पेठांना ऐसपैस पसरायला जागा मिळाली. अठराव्या शतकात, यंत्राशिवाय, कुदळ-फावडी आणि टोपल्यांवर हे झालंय. काम रेंगाळतंय असं पाहून नानासाहेब स्वतः हत्तीवरून उतरून दगड उचलू लागले आणि मग सरदार-दरकदारांनाही उतरावं लागलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातून एवढं कळतं की हे काम लोकांच्या आठवणीत दगड-मातीचं काम म्हणून राहिलं, फुलझाडांचं नाही.

तळं खोदताना मध्ये सुमारे २५,००० चौरस फुटांचं एक उंच बेट राखलं होतं. गुंठ्यांत बोलायचं तर जेमतेम तेवीस गुंठे. या बेटावर बाग केली आणि नानासाहेबांनी तिला सारसबाग नाव दिलं. म्हणजे पेशवाईतली सारसबाग म्हणजे पाण्याने वेढलेला, नावेतूनच जाता येणारा हा तुकडा. आज आपण जिथे चटई टाकून बसतो, पोरं जिथे चेंडू खेळतात, दिवाळीत पहाटे जिथे गाण्यांचा कार्यक्रम ऐकायला गर्दी होते, ते सगळं तेव्हा पाण्याखाली होतं. पेशवेकालीन हिरवळीवर बसल्याचा अभिमान बाळगणाऱ्याने ध्यानात घ्यावं: तो तळ्याच्या तळाशी बसलाय.

गणपतीसुद्धा नानासाहेबांचा नव्हे. नानासाहेब पानिपतच्या धक्क्यानंतर २३ जून १७६१ रोजी पर्वतीवरच वारले. बेटावर छोटं देऊळ बांधून सिद्धिविनायकाची स्थापना झाली ती १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या नावे. सवाई माधवराव एप्रिल १७७४ चे. म्हणजे देव बसवणारे पेशवे जेमतेम दहा वर्षांचे, आणि राज्याचा कारभार नाना फडणवीसांच्या हातात. लोकांनी या देवाला ‘तळ्यातला गणपती’ म्हटलं आणि आजही जुने पुणेकर तेच म्हणतात.

याच सवाई माधवरावांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी दरबाराचा शिकारखाना, म्हणजे प्राणिसंग्रह, होता. तिथला एक गेंडा तर आजही पाहता येतो. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, आणि ते चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गंगाराम हा पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणारा, वेरूळ-कार्ल्याची लेणी चितारणारा माणूस. मजकूर लिहिणाऱ्याला पेशवेकालीन पर्वतीबद्दल थक्क करणारंच काही सांगायचं होतं, तर हा गेंडा हाताशी होता. मराठी चित्रकाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून काढलेला, तारखेसकट. पण असं काही कोणी पुढे ढकलत नाही.

मग आजची बाग कुणाची? पुणे महापालिका फेब्रुवारी १९५० मध्ये अस्तित्वात आली. १९५३ मध्ये तिने याच परिसरात पेशवे उद्यान सुरू केलं, प्राणिसंग्रहालयासकट. १९५६ मध्ये तिथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली, आणि पुण्यात वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी ‘पेशवे पार्क’ बसलं. पुढे प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलले. तळं विसाव्या शतकात आटत, गाळाने भरत गेलं होतं. त्या खोलगट जागेत बेटाभोवती महापालिकेने बाग आखली आणि बेटाचं नाव साऱ्या बागेला मिळालं. तेवीस गुंठ्यांचं नाव एकरांवर पसरलं, एवढाच सगळा घोटाळा आहे.

जागेवर गेलं तरी हे दिसतं. बाग सखल आहे आणि देऊळ उंचवट्यावर. दर्शनाला पायऱ्या चढाव्या लागतात. देवळाच्या भोवती राखलेल्या छोट्या तळ्यांत कमळं असतात, ती जुन्या पाण्याची खूण. व्यवस्थाही दुहेरी आहे: देऊळ श्री देवदेवेश्वर संस्थानाकडे, बाग महापालिकेच्या उद्यान खात्याकडे. नावावरून पेशवाईचं श्रेय वाटून टाकण्यापूर्वी बागेची झाडलोट कोण करतं, एवढं तरी विचारायला हरकत नव्हती.

आता ‘रयतेसाठी’ आणि ‘पहिली सार्वजनिक’ या दोन विशेषणांकडे येतो. माझा खरा आक्षेप इथे आहे.

पेशवाईत बाग म्हणजे आजच्यासारखं तिकीट काढून किंवा फुकट आत शिरायचं ठिकाण नव्हतं. ती मालकाची, नाहीतर देवाची. पूजेची फुलं, तुळशी-बेल, भाजीपाला, फळं आणि मालकाचा विसावा यांसाठी ती असे. पुण्यातली नावं पाहा: तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, विश्रामबाग. नारो आप्पाजींनी तुळशीबागेत राममंदिर बांधलं, नाना फडणवीसांनी बेलबागेत विष्णूचं. तळ्याच्या काठावरच्या हिराबागेत पेशवे स्वतः राहत, पाहुण्यांना भेटत. कुणाला आत घ्यायचं ते मालक ठरवी. यात वाईट काही नाही, त्या काळात जगभर हेच होतं. बंगळूरचा लालबाग १७६० मध्ये हैदरअलीने सुरू केला, तोही राजाचाच बाग होता. लोकांच्या पैशातून, लोकांसाठी बाग करायची ही कल्पनाच एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडात बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये खुला झाला तेव्हा तिकडेही ती नवलाई होती. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग, आताचं जिजामाता उद्यान, लोकांना १८६२ मध्ये खुली झाली. त्यामुळे अठराव्या शतकातल्या बेटाला ‘भारतातली पहिली सार्वजनिक बाग’ म्हणणं म्हणजे नानासाहेबांच्या डोक्यात शंभर वर्षांनंतरची कल्पना घुसवणं आहे.

मराठी राज्यकर्त्याने नदीकाठी रयतेसाठी केलेली बाग हवीच असेल, तर आहे की. बडोद्यात विश्वामित्रीच्या काठावर सयाजीराव गायकवाडांनी १८७९ मध्ये कमाटीबाग केली, तीच सयाजीबाग. ती शंभर एकरांहून मोठी आहे आणि सुरुवातीपासून लोकांसाठीच होती. त्या बागेबद्दलचा मेसेज माझ्या पाहण्यात नाही. आणि पुण्यात नदीकाठची जुनी सार्वजनिक बाग म्हणाल तर ती बंडगार्डन, सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या शेजारची. सारसबाग नदीकाठी नाहीच. ती ओढ्याच्या काठी आहे.

‘रयतेसाठी’ या शब्दाचा आणखी एक हिशेब बाकी आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशवाईत खरोखर हजारोंनी माणसं जमत, ती रमण्यात. श्रावणात देशभरातून ब्राह्मण येत आणि रमण्याच्या आवारात त्यांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. दान मोठं होतं, विद्येला त्याचा उपयोगही झाला. पण ते आवार कुणाचं होतं हे लपून राहत नाही. रयतेतल्या कुणब्याला, चांभाराला, महाराला तिथे दक्षिणा नव्हती.

आणि हे फक्त अठराव्या शतकापुरतं नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या देवळात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे नेते पुढे होते, एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही सोबत होते. त्यांच्यावर दगडफेक झाली. देऊळ उघडलं नाही. सत्याग्रह पुढचे काही महिने चालला. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ उजाडलं. म्हणजे तळ्यातल्या गणपतीची स्थापना झाल्यावर जवळपास दीडशे वर्षांनीही, त्याच संस्थानाच्या टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या रयतेतल्या मोठ्या भागाला बंद होत्या. आज सारसबागेत कुणी कुणाला जात विचारत नाही, फाटकावर अडवत नाही. हे पेशव्यांनी दिलेलं नाही. ज्यांनी दगड खाल्ले त्यांनी, कायद्याने आणि महापालिकेने मिळून दिलंय. पुढे ढकलण्याजोगं त्या जागेबद्दल काही असेल तर हे, आणि मजकुरात याला अर्धी ओळसुद्धा नाही.

पाण्याच्या विधानातही अशीच सरमिसळ आहे. शहर पाणी पीत होतं ते कात्रजचं. नानासाहेबांच्याच काळात कात्रजला घाटाच्या पायथ्याशी दोन तलाव बांधले गेले. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्यात यायचं. तिथून दगड-चुन्यात बांधलेला, माणूस आत शिरू शकेल एवढा नळ सुमारे आठ किलोमीटर जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणला. वाटेत हवेसाठी आणि साफसफाईसाठी उसासे, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठेवले. उतार इतका बेताने राखलाय की पाणी कुठेही न उपसता नुसतं वाहत शहरात येई आणि हौदांत पडे. उन्हाळ्यात मुठेच्या पात्रात डबकी उरायची, तेव्हा या हौदांवर पेठा जगायच्या. आजही खोदकामात नळाचा एखादा भाग उघडा पडला की बातमी होते. पेशव्यांच्या कर्तबगारीचा नमुना पुण्यात कुठे शोधावा, तर तो या नळात. मजकूर लिहिणाऱ्याने नळ सोडला, तळं धरलं आणि नळाचं श्रेय तळ्याला दिलं.

हौदांबद्दलही ‘अख्खं शहर’ म्हणताना जपून. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, कारण शहरातले हौद त्यांना खुले नव्हते. पाणी शहरापर्यंत आलं होतं, शहरातल्या सगळ्यांपर्यंत नव्हतं.

हबशी नावाड्यांची गोष्ट मजकुरातला सगळ्यात लाडका भाग असावा. नावेत, पाण्याच्या मधोमध, कुणाचे कान नाहीत, आणि वल्हवणाऱ्याला भाषाच कळत नाही. एखाद्या नाटकात प्रवेश म्हणून फर्मास. पण जरा विचार करा. हबशी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले सिद्दी, आणि सिद्दी दख्खनेत पेशवाईच्या कितीतरी आधीपासून होते. मलिक अंबर निजामशाहीचा वजीर होता. जंजिऱ्याच्या सिद्द्यांशी तर मराठ्यांचं शतकभर वैर, तह, पत्रव्यवहार, सगळं झालं. पिढ्यान्‌पिढ्या कोकण-देशावर राहणाऱ्या माणसांना मराठी येत नाही असं मानून गुप्त मसलत करणारा कारभारी नाना फडणवीसांच्या कचेरीत एक दिवस टिकला नसता. ज्या दरबाराची हेरगिरी आणि बातमीपत्रं नावाजलेली होती, त्याला खलबताला जागा हवी तर शनिवारवाड्यात दालनं काय कमी होती? नौकाविहार जरूर होत असेल. ती गोष्ट तिथेच थांबवावी.

इंग्रजांनी आकसाने तळं बुजवलं, हे तर वाचल्या वाचल्या खटकतं. इंग्रज अमदानीतल्या कित्येक चित्रांत आणि छायाचित्रांत पर्वती तळ्यासकट दिसते. पाण्यात पडलेलं टेकडीचं प्रतिबिंब हा त्या लोकांचा आवडता देखावा होता. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही पर्वतीचं तळं तळं म्हणूनच आलंय. म्हणजे राज्य घेऊन सदुसष्ट-अडुसष्ट वर्षं झाली तरी आकसाला मुहूर्त सापडला नव्हता. इंग्रजांच्या काळात बदललं ते वेगळंच. खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं, कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून गेला, शहराचं पाणी हळूहळू तिकडून येऊ लागलं. जुनी तळी-हौद कुणाच्याच गरजेचे उरले नाहीत. ज्या तळ्यावर कुणाची तहान अवलंबून नाही, त्यातला गाळ कोण काढणार? ओढ्यावरचं तळं गाळाने भरणारच, दरवर्षी उपसलं नाही तर जरा लवकर. पुढे त्या जागी बाग करायचं ठरलं ते स्वतंत्र भारतात, पुणेकरांनी निवडून दिलेल्या महापालिकेत. निर्णय चांगला की वाईट यावर भांडता येईल, मी स्वतः तळ्याच्या बाजूने भांडेन. पण भांडण आपलं आपल्यातच करावं लागेल, इंग्रजाला त्यात साक्षीलाही बोलावता येणार नाही.

राहिला पूर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने पुण्यात हाहाकार उडवला. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून मेलेल्यांचे फोटो विसरता येत नाहीत. मजकूर म्हणतो, पर्वतीचं तळं असतं तर हे झालं नसतं. नकाशा काढून बघा. ओढा कात्रजहून उतरतो, बिबवेवाडी, पद्मावती, अरण्येश्वर करत पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे मुठेला जातो. अरण्येश्वर तळ्याच्या जागेच्या वरच्या अंगाला आहे. खालच्या अंगाचं तळं वरच्या वस्तीतलं पाणी कसं अडवणार? फार तर दांडेकर पूल, दत्तवाडी या खालच्या भागाला थोडा दिलासा मिळाला असता, तोही तळं गाळाने भरलेलं नसतं तर. वरच्या अंगाला जे झालं त्याची कारणं वरच्या अंगालाच आहेत: पात्रात केलेली भर, काठाला चिकटून झालेली बांधकामं, अरुंद पूल आणि मोऱ्या, पाणी न मुरू देणारी डांबर-काँक्रीटची जमीन. कात्रजचे तलाव अजून आहेत, त्यांच्याखालचा ओढा मात्र कित्येक ठिकाणी नाला म्हणूनही ओळखू येत नाही. तळं गेल्याचं दुःख करताना ही यादी आपोआप झाकली जाते, म्हणून हे विधान मला बाकीच्यांपेक्षा जास्त घातक वाटतं. इतिहासातली चूक माणसं मारत नाही. पात्रातली भिंत मारते.

पुराच्या बाबतीत पुणेकरांची आठवण एकूणच मिसळलेली असते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि मुठेने जुनं पुणं बुडवलं. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं, ते खडकवासल्याचा कालवा फुटल्यामुळे. आणि २०१९ ला ओढा. नदी, कालवा, ओढा, तीन वेगळी पाणी, तीन वेगळी कारणं. तिन्हींचं उत्तर एका बुजलेल्या तळ्यात शोधायला गेलं की ना धरणाची चौकशी होते, ना कालव्याच्या भिंतीची, ना ओढ्यातल्या बांधकामांची.

स्वेटरचं मात्र खरं आहे. थंडी पडली की तळ्यातल्या गणपतीला लोकरी स्वेटर आणि कानटोपी चढते, दरवर्षी पेपरात फोटो येतो आणि लोक मुद्दाम बघायला जातात. त्या ओळीला माझी काहीच हरकत नाही, तेवढी खुशाल पुढे पाठवा.